ड्रमशिवाय स्विंग, जॅझ आणि ब्लूग्रास: एका संध्याकाळची साथ कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या पाच मराठी मित्रांनी गिटार, मँडोलिन, व्हायोलिन, पाच तारांचा बँजो आणि डबल बेस अशी वाद्ये जमवून, दीडशे श्रोते बसतील अशा सभागृहात दोन तासांचा कार्यक्रम योजला आहे. त्यात जुन्या धाटणीचे स्विंग (1930 च्या दशकातले नाचासाठीचे जॅझ), थोडे सुरुवातीच्या काळातले जॅझ आणि ब्लूग्रास (तारांच्या वाद्यांवर जलद लयीत वाजणारे अमेरिकी ग्रामीण संगीत) असे तिन्ही वाजवायचे आहे. प्रत्येकाचे एकल वादन चांगले होते. पण स्विंगवरून ब्लूग्रासकडे वळताना सगळे विस्कटते, स्विंगच्या वेळी बँजोवादकाला काय करावे ते कळत नाही, आणि वाद्यांच्या आवाजाचा मेळ बसत नाही. ड्रमवादक शोधावा का, असाही प्रश्न त्यांनी पत्रात विचारला आहे.

ड्रमवादक शोधू नका, हे आधी सांगतो. एकल वादन चांगले असूनही कार्यक्रम विस्कटत असेल, तर दोष साथीत असतो, आणि साथीतला दोष ड्रमने झाकला जातो, दुरुस्त होत नाही. अशा संध्याकाळी मी अनेक वर्षे गिटार आणि डबल बेस यांची साथ करत आलो आहे. तीन प्रकार एकत्र वाजवणाऱ्या मंडळींची तालीम पाहिली, की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: कोणते एकल कोण घेणार हे ठरलेले असते, पण कोणती मात्रा कोण सांभाळणार हे कोणी ठरवलेलेच नसते. तुमच्या पत्रातही पाचही जणांच्या एकल वादनाचे वर्णन आहे आणि साथीबद्दल एकही वाक्य नाही.

ड्रमशिवाय हे संगीत उभे राहते याबद्दल शंका बाळगण्याचे कारण नाही. जॅझचे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'हॉट फाइव्ह'ने 1925 मध्ये ध्वनिमुद्रणे सुरू केली तेव्हा त्या पाच जणांत ड्रम नव्हते आणि बेसही नव्हता. लय लिल हार्डिन यांच्या पियानोवर आणि जॉनी सेंट सिर यांच्या बँजोवर तोललेली होती. 1934 मध्ये पॅरिसमध्ये गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रॅपेली यांनी उभ्या केलेल्या 'हॉट क्लब'च्या पंचकात एक व्हायोलिन, तीन गिटार आणि एक डबल बेस एवढीच वाद्ये होती, म्हणजे दोन गिटारवादक आणि बेसवादक मिळून सगळा ठेका चालवत. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे मँडोलिनवादक बिल मनरो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये डिसेंबर 1945 मध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज आले आणि लेस्टर फ्लॅट, चबी वाइज आणि सेड्रिक रेनवॉटर यांच्यासह ज्या पाच वाद्यांची घडी बसली, ती पाच वाद्ये तुमचीच आहेत: मँडोलिन, बँजो, गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बेस. तेव्हा तुमच्याकडे काही कमी नाही. प्रत्येकाने या तीन परंपरांत आपले काम बदलायचे आहे, आणि ते बदलणे हीच तुमची तालीम आहे.

आधी ब्लूग्रास घेऊ, कारण त्यातली वाटणी अगदी स्वच्छ आहे. चार मात्रांचा एक बार धरला, तर बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजतो, बहुतेक वेळा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचा) मूळ स्वर आणि पंचम असा आलटून पालटून. मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कोरडा, तुटक आघात देते. गिटार दोघांना सांधते: खालच्या तारेवरचा स्वर बेसबरोबर आणि वरच्या तारांवरचा झटका मँडोलिनबरोबर. बँजोच्या तीन बोटांतून सुटणाऱ्या आठव्या स्वरांची अखंड माळ या चौकटीच्या आत धावते, आणि व्हायोलिन गाण्याच्या ओळींमधल्या जागा भरते. मँडोलिनचा तो आघात म्हणजे ड्रमसंचातला स्नेअर, म्हणजे तुटक वाजणारा छोटा ड्रमच आहे आणि तो तंतोतंत जमवावा लागतो. जी (G) या कॉर्डची प्रचलित पकड खालून वर सातवा, पाचवा, दुसरा आणि तिसरा पडदा अशी आहे. तिच्यात एकही तार मोकळी नाही, आणि ते मुद्दामच आहे. पिकचा (तारा छेडायच्या छोट्या पट्टीचा) फटका पडताक्षणी डाव्या हाताची बोटे तारांवरच राहू देऊन फक्त दाब सोडायचा. बोटे उचलली तर तारा किणकिणत राहतात, आणि दाब धरून ठेवला तर आघाताऐवजी कॉर्ड ऐकू येते. तुमचे मँडोलिनवादक हा आघात किती वेळ न थकता आणि न धावता देऊ शकतात, यावर ब्लूग्रासचा वेग ठरवा. बँजोवादकाला किती वेग झेपतो, हे त्यासाठीचे माप नव्हे.

स्विंगमध्ये ही वाटणी मोडते. 1930 च्या दशकात कॅन्सस सिटीतून पुढे आलेल्या काउंट बेसी यांच्या बँडमध्ये वॉल्टर पेज यांचा बेस चारही मात्रांवर चालू लागला, आणि 1937 मध्ये त्या बँडमध्ये आलेले फ्रेडी ग्रीन 1987 मध्ये निधन होईपर्यंत चारही मात्रांवर एकेक कॉर्ड वाजवत राहिले. ध्वनिवर्धक न लावता, भोंग्यांच्या वाद्यांच्या त्या ताफ्यात त्यांची गिटार वेगळी अशी क्वचितच ऐकू येई. पण ती थांबली असती तर सगळा बँड खाली बसला असता. तुमच्या गिटारवादकाने या माणसाचा अभ्यास करावा असे मी आग्रहाने सांगेन. ब्लूग्रासमधली मोकळ्या तारांची, घुमणारी जी कॉर्ड इथे चालणार नाही. तिच्या जागी सहाव्या तारेवर तिसरा पडदा, चौथ्या तारेवर दुसरा आणि तिसऱ्या तारेवर चौथा एवढेच तीन स्वर धरावेत, पाचवी तार सहाव्या तारेवरच्याच बोटाच्या कडेने दाबून गप्प करावी, आणि वरच्या दोन तारांना पिक लागूच देऊ नये. प्रत्येक मात्रेवर एक फटका, प्रत्येक फटक्यानंतर दाब किंचित सैल, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर अगदी थोडे वजन. तीन स्वर ऐकायला अपुरे वाटतात, पण बेस आणि व्हायोलिन सोबत आले की त्याहून अधिक स्वर गर्दी करतात.

गिटार चारही मात्रा धरते तेव्हा मँडोलिनने ब्लूग्रासचा तोच जोरकस आघात चालू ठेवला, तर श्रोत्याला दोन वेगळे ठेके एकमेकांवर आपटताना ऐकू येतात. तुमचे विस्कटणे इथूनच सुरू होत असावे, असा माझा अंदाज आहे. स्विंगमध्ये मँडोलिनने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर अगदी हलका स्पर्श द्यावा किंवा साथ सोडून व्हायोलिनच्या ओळीला खालून जोडस्वर द्यावेत. मँडोलिन हे वाद्य जॅझला परके मुळीच नाही. जेथ्रो बर्न्स यांनी ते त्या भाषेत सहज बोलके केले, आणि पुढे डेव्हिड ग्रिसमन यांनी मँडोलिन, व्हायोलिन, गिटार आणि बेस यांच्या मेळातून ब्लूग्रास आणि स्विंग यांच्या मधली एक स्वतंत्र वाट काढली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस खुद्द ग्रॅपेली त्यांच्याबरोबर वाजले. ती ध्वनिमुद्रणे तुमच्या पाचही जणांनी एकत्र बसून ऐकावीत, आणि ऐकताना एकलाकडे लक्ष न देता मागे काय चालले आहे तेवढेच टिपावे.

बेसवादकाने चालता बेस, म्हणजे चारही मात्रांवर एकेक स्वर वाजवत पुढे जाणे, शिकताना घाई करू नये. जी (G) कॉर्डवरून सी (C) कॉर्डवर जायचे असेल तर जी, बी, डी, डी फ्लॅट आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर सी, एवढी साधी वाट पुरते. शेवटचा स्वर पुढच्या कॉर्डच्या मूळ स्वराच्या अर्ध्या स्वराने वर किंवा खाली असला की कान आपोआप पुढे ओढला जातो. स्वर लांब धरावेत, एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला टेकावा. ब्लूग्रासमध्ये मात्र दोन स्वरांच्या मध्ये मँडोलिनसाठी जागा हवी, म्हणून तिथे स्वर थोडा आखूड ठेवावा. हा बारकावा अनेक चांगले बेसवादकही सोडून देतात.

आठव्या स्वरांची विभागणी हा दुसरा भेद आहे आणि तो व्हायोलिनवादकाने सर्वांत आधी पचवायला हवा. मध्यम लयीच्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो, संथ लयीत तर जवळपास दोनास एक या प्रमाणात. लय वाढली की ते समान होत जातात. ब्लूग्रासचे आठवे स्वर मुळातच जवळपास समान असतात. ज्यांचे शिक्षण भारतीय पद्धतीने झाले आहे त्यांना हा फरक कळायला वेळ लागत नाही, कारण लयीच्या अंगाचा विचार त्यांच्या कानात असतोच. अडचण गजाची असते. लांब गजाने सगळे स्वर सारखे बांधून टाकण्याची सवय स्विंगमध्ये मोडावी लागते. दुबळ्या अर्ध्या मात्रेवर गजाची दिशा बदलून पुढच्या ठाम मात्रेत स्वर सरकवण्याचा सराव संथ लयीत करावा.

आता बँजो. पाच तारांच्या बँजोची आखूड पाचवी तार ही उंच जी या एका स्वरावर सतत वाजत राहते. ब्लूग्रासमध्ये तिनेच झळाळी येते, पण स्विंगमधल्या झपाट्याने बदलणाऱ्या कॉर्डवर, विशेषतः बी फ्लॅट किंवा ई फ्लॅट पट्टीत, तीच तार टोचते. म्हणून स्विंगच्या साथीत पाचवी तार पूर्ण सोडावी, उरलेल्या तारांवर बंद कॉर्ड धरून त्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक वाजवाव्यात, आणि बँजो हे करत असताना मँडोलिनने ते करू नये. सुरुवातीच्या जॅझमध्ये मात्र बँजोला हक्काची जागा आहे, कारण 1920 च्या दशकातल्या बँडमध्ये तोच मात्रा धरून असे. तिथे बोटांवरचे पिक काढून एका सपाट पिकने चारही मात्रांवर झणझणीत साथ द्यावी आणि गिटारने तेवढा वेळ माघार घ्यावी. बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून अमेरिकेत घडला, आणि केंटकीत वाढलेल्या मनरो यांनी ज्यांच्याकडून आपण शिकलो असे आवर्जून सांगितले, त्यांत त्यांचे फिडलवादक मामा पेन व्हँडिव्हर आणि कृष्णवर्णीय वादक आर्नल्ड शुल्ट्झ होते. तुमच्या निवेदनात हे दोन-तीन वाक्यांत तरी यायलाच हवे. ते सांगितल्याशिवाय हे तीन प्रकार एका संध्याकाळी का वाजतात हे श्रोत्याला उमगणार नाही.

स्विंगवरून ब्लूग्रासकडे वळण्याचा मार्ग इतिहासानेच तयार ठेवला आहे. चार मात्रांचा चालता बेस रूढ होण्याआधी जॅझही बहुतांशी दोन ठोक्यांवर, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, उभे होते. पुढे टेक्सास आणि ओक्लाहोमामध्ये फिडल आणि गिटार घेऊन नृत्यगृहांत वाजवणाऱ्या मंडळींनी दोन्ही चाली जवळ ठेवल्या. फिडलवादक बॉब विल्स यांचा बँड 1935 पासून तल्सातल्या केन्स बॉलरूममध्ये वाजवू लागला आणि त्यात गावाकडचे फिडल आणि शहरी जॅझ एकाच रंगमंचावर होते. तुम्ही हीच चाल वापरा. 'ओह, लेडी बी गुड' हे गर्शविन बंधूंचे 1924 चे गीत घ्या. हॉट क्लबने ते 1934 मध्ये मुद्रित केले, लेस्टर यंग यांनी 1936 मध्ये त्याच्यावर जे एकल वाजवले ते आजही सॅक्सोफोनवादक पाठ करतात, आणि टेक्सासच्या धाटणीने फिडल वाजवणाऱ्यांतही ते रुळलेले आहे. जी पट्टीत ते पाचही वाद्यांच्या हाताला येते. पहिले बत्तीस बारांचे आवर्तन बेसने दोन ठोक्यांवर वाजवावे, एकल सुरू होताच चार मात्रांवर चालू लागावे, आणि शेवटच्या आवर्तनात पुन्हा दोन ठोक्यांवर यावे. हे दोन बदल पाचही जणांना एकदम, इशाऱ्याशिवाय जमले, की पुढचे ब्लूग्रास आपोआप बसते.

यातली युक्ती वेगाची आहे. मेट्रोनोम मिनिटाला 200 मात्रांवर लावून हे गीत संपवा आणि त्याच वेगात लगेच जी किंवा ए पट्टीतली फिडलची एखादी पारंपरिक चाल सुरू करा. बेससाठी ती मिनिटाला 100 ठोक्यांची आरामशीर चाल होते, मँडोलिनला आघात द्यायला सवड मिळते आणि श्रोत्यांच्या पायाचा ठेका तुटत नाही. मध्ये निवेदन नको, तारा जुळवणे नको. ए पट्टीसाठी गिटारला आणि बँजोला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लागेल, तो हाताशी ठेवा. बँजोच्या पाचव्या तारेची सोय वेगळी करावी लागते आणि तीच नेमकी वेळ खाते, म्हणून या जोडणीपुरती तरी जीच निवडा.

पट्ट्यांबद्दल एवढेच: भोंग्यांच्या वाद्यांना सोयीच्या म्हणून फ्लॅटच्या पट्ट्या स्विंगमध्ये रूढ झाल्या. तुमच्याकडे सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट नाही, तेव्हा निष्ठा म्हणून बी फ्लॅटला चिकटून राहण्यात अर्थ नाही. गायकाचा गळा पाहून जी, सी, डी आणि एफ यांत भागवा.

क्रम ठरवताना एक स्विंग, एक ब्लूग्रास, एक जॅझ असा आलटून पालटून कार्यक्रम लावू नका. प्रत्येक बदलात हात आणि कान स्थिरावायला काही बार जातात, आणि तेवढे बार श्रोत्यांसमोर डळमळीत जातात. पूर्वार्धात 1920 च्या दशकातले जॅझ आणि मग स्विंग ठेवा, मध्यंतराआधी स्विंगवरून ब्लूग्रासकडे नेणारा तो सांधा वाजवून ब्लूग्रासची एक झलक द्या, उत्तरार्ध ब्लूग्रासला द्या आणि शेवटी एकदा स्विंगकडे परत या. सुरुवात सर्वांत वेगवान चालीने करण्याचा मोह आवरा. हात थंड असतात, सभागृहाचा आवाज अजून उमगलेला नसतो, आणि धावलेली पहिली चाल पुढचा अर्धा तास सावरू देत नाही. मिनिटाला 140 ते 160 मात्रांची, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली चाल पहिली असावी.

आवाजाच्या मेळासाठी, शक्य असेल तर, सगळ्यांसाठी एकच मोठ्या पडद्याचा (डायफ्रॅमचा) कंडेन्सर माइक, म्हणजे दूरचाही आवाज टिपणारा संवेदनशील माइक, आणि बेससाठी वेगळी जोडणी, एवढीच व्यवस्था मागा. रेडिओच्या जमान्यात बँड असेच एका माइकभोवती उभे राहत, आणि 1990 च्या दशकात डेल मॅककुरी यांच्या ब्लूग्रास बँडने ही पद्धत पुन्हा लोकप्रिय केली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे एक पाऊल पुढे किंवा मागे जाणे हाच तुमचा व्हॉल्यूम असतो. एकल वाजवणारा वीतभर अंतरापर्यंत पुढे येतो, संपताच बाजूने मागे सरतो, तोवर पुढचा दुसऱ्या बाजूने आत आलेला असतो. गिटार माइकच्या एका अंगाला जवळ राहावी, कारण तिचा आवाज सर्वांत लहान. बँजो सर्वांत दूर. व्हायोलिनच्या गजाला मोकळी जागा हवी म्हणून ते बाहेरच्या कडेला. हे येणे-जाणे जमिनीवर खडूने खुणा करून तालमीत बसवा, नाहीतर कार्यक्रमात मँडोलिनचे डोके बँजोच्या मानेवर आपटते. रंगमंचावर मॉनिटर स्पीकर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारा) ठेवू नका. एवढ्या संवेदनशील माइकसमोर तो ठेवला की शिटी वाजणारच. ध्वनिसंयोजकाला आधी सांगून ठेवा की कार्यक्रम चालू असताना पातळी हलवू नये, ते काम तुम्ही पायांनी करणार आहात. स्विंगच्या भागात मात्र गिटारचा आवाज यानेही पुरणार नाही असे दिसले, तर बाकीच्यांनी साथीचा आवाज उतरवावा. गिटारला वेगळा माइक देणे हा शेवटचा उपाय.

श्रोते बहुतांशी मराठी असतील तर त्यांना हे संगीत परके वाटेल अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. ती मला निराधार वाटते. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन वादकांचे बँड वाजत होते, त्यांच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या सहवासातून 1951 च्या 'अलबेला'त जे घडले, ते तुमच्या श्रोत्यांपैकी ज्येष्ठांना तोंडपाठ आहे. त्यातले एखादे गाणे फ्रेडी ग्रीन यांच्या चार मात्रांवर, फक्त वाद्यांवर, पूर्वार्धाच्या मध्यावर ठेवा. टाळ्या मात्र पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडू लागतील. अशा वेळी हाताने खुणावून श्रोत्यांना दुरुस्त करू नका. मँडोलिन आणि बँजो यांनी दोन बार साथ सोडावी, गिटारने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचे वजन वाढवावे, आणि बेसने टाळीपेक्षा किंचितही मागे राहू नये.

शेवटच्या दोन तालमी कशा वापराव्यात तेही सांगतो. त्यातली एक एकलांशिवाय करा: प्रत्येक चालीची पाच आवर्तने फक्त साथ, कोणीही धून वाजवायची नाही, आणि प्रत्येक आवर्तनात एकेका वादकाने गप्प बसून ऐकायचे. जो गप्प बसल्यावर ठेका ढासळतो तो माणूस जास्त ओझे उचलतो आहे, आणि ज्याच्या गप्प बसण्याने काही बिघडत नाही त्याने ती चाल कमी वाजवावी. दुसरी तालीम फक्त सुरुवाती आणि शेवट यांची करा. फिडलच्या चालीत चार मात्रांची गजाची थाप देऊन आत यावे, स्विंगमध्ये गाण्याचे शेवटचे चार बार सुरुवातीला गिटारने एकटीने वाजवून लय द्यावी. संपवण्याचा इशारा ब्लूग्रासच्या बैठकांत एक पाय पुढे उचलून देतात आणि तो शेवटचे आवर्तन सुरू होताना द्यायचा असतो, संपताना नव्हे. स्विंगमध्ये धूनेकडे परत यायचे असेल तर डोक्यावर हात टेकवतात. पाचांपैकी हे इशारे कोण देणार, ते एकाच माणसाकडे ठेवा. माझ्या मते तो माणूस बेसवादक नसावा, कारण त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय अडकलेले असतात. गिटारवादकाला ते काम द्या, आणि त्याला सगळे दिसतील अशा जागी उभा करा.